गप्प राहणारं साउंड कार्ड

माझ्या नवऱ्याला, मिरेकला, आवाज न करणारं साउंड कार्ड हवं होतं. ह्या वाक्यात काहीतरी गडबड आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही शहाणे आहात आणि आमच्या घरात तुमचा निभाव लागणं कठीण आहे.

आम्ही ग्लिवित्से शहरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगा शिकायला पोझनानला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. इतर बायकांचे नवरे अशा खोलीत व्यायामाची सायकल आणतात आणि तिच्यावर ओले मोजे वाळत घालतात. माझ्या नवऱ्याने तिथे एक ४८६ जातीचा, तीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आणून ठेवला. शेजारच्या गावातल्या एका जनावरांच्या डॉक्टरने दवाखाना बंद करताना तो विकायला काढला होता. रंग जुन्या दातासारखा, आणि पोटात पंचक्रोशीतल्या तमाम गायींच्या लसीकरणाचा इतिहास. मिरेकने गायी पुसून टाकल्या आणि मला हाक मारली.

"इव्होना, बघ. सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला हाच हवा होता."

"तेव्हा तुला मीसुद्धा हवी होते. मी मिळाले तेव्हा तुझा चेहरा एवढा उजळला नव्हता."

"तुझ्याबरोबर तुझी आई आली होती," तो म्हणाला, आणि स्क्रू काढायला लागला.

त्या काळच्या कॉम्प्युटरला गळा नसायचा. फार तर 'टूं' करायचा. खेळात तलवारी खणखणायला हव्यात, बंदुका कडाडायला हव्यात, मागे संगीत वाजायला हवं, तर आत वेगळं साउंड कार्ड खोचावं लागे. तरुणपणी मिरेककडे साउंड कार्ड घ्यायला पैसे नव्हते. आता पैसे होते, खोली होती, आणि सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे वेळ होता.

मिरेक पत्रा दाबून गाड्यांची दारं काढणाऱ्या कारखान्यात फोरमन आहे. तिथली यंत्रं एकेका घरासारखी उंच, आणि दर दोन सेकंदांनी धाडकन खाली येतात. कानांवर घालायला कारखान्याने दिलेली टोपणं तो मफलरसारखी गळ्यात अडकवतो. कारण काय, तर यंत्र बिघडण्याआधी त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. आणि कळतंही, उगाच कशाला खोटं बोलू? सगळा कारखाना त्याच्या कानांचं कौतुक करतो, आणि ते कौतुक तो रोज संध्याकाळी रिकाम्या डब्यात घालून घरी आणतो.

मी शहरातल्या घरांच्या रेडिएटरांना, म्हणजे खोल्या ऊबदार ठेवणाऱ्या नळ्यांना, गरम पाणी पुरवणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक मला सांगतात, आमचा रेडिएटर शिट्टी वाजवतो, आमचा कुरकुरतो. एका आजोबांचा तर हुंदके देतो. तेव्हा आवाजांच्या बाबतीत मलाही थोडाफार अनुभव आहे, पण माझ्या अनुभवाचं घरी कुणी कौतुक करत नाही.

कार्ड निवडायला वाल्देक आला. वाल्देक हा मिरेकचा शाळेपासूनचा मित्र. शेजारच्या बितोम शहरात, जुन्या वस्तूंच्या बाजारात, तो टेबल मांडतो. आजूबाजूच्या टेबलांवर चिनी मातीची कुत्री आणि कुणाच्या तरी आजोबांची पदकं. ह्याच्या टेबलावर बिस्किटांच्या डब्यांत ओळीने उभी केलेली साउंड कार्डं. त्यातला एक डबा घेऊन तो आमच्या स्वयंपाकघरात आला आणि माझ्या टेबलावर, माझ्या खसखशीच्या केकला बाजूला सारून, त्याने दुकान मांडलं.

"हे तैवानचं," तो म्हणाला. "गोळीबार एक नंबर."

"आणि संगीत?"

"संगीत म्हणजे... शाळेच्या बँडसारखं. उत्साह असतो."

"मग नको."

"हे घे. ह्याच्यावर अस्सल संगीताची चिप आहे. खर्ज कसला आहे माहितीये? शेकोटीतून काढलेल्या बटाट्यासारखा. गरम. आतून मऊ."

"आणि वरचे सूर?"

"वरचे सूर काचेचे!"

"काचेचे कसे? खिडकीच्या काचेचे की झुंबराचे?"

"झुंबराचे."

मिरेक डोळे मिटून झुंबर ऐकायला लागला. मी म्हटलं, "त्यापेक्षा एखादं घोडं का घेत नाही? दात बघितले की काम झालं."

दोघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जशी मी कामावर पहिल्यांदा तक्रार करणाऱ्यांकडे पाहते.

शेवटी झुंबरवालं कार्ड बसलं. मिरेकने एक खेळ लावला, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. पडद्यावर एक ठोकळ्यांचा शूरवीर गुहेत शिरला, मागे ढोल-तुताऱ्या वाजल्या, आणि माझ्या पन्नाशीला टेकलेल्या नवऱ्याने टुणकन उडी मारून वाल्देकला मिठी मारली. मग तो परत खाली बसला, खेळ बंद केला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कान स्पीकरला लावला.

"काय करतोयस?" मी विचारलं.

"शांतता ऐकतोय."

तीस वर्षं ज्या खेळाची वाट पाहिली तो बंद करून माणूस शांतता ऐकत बसला होता. ऐकता ऐकता त्याच्या कपाळावर आठी पडली.

"फुसफुस आहे," तो म्हणाला. "बारीक. वाफ सुटते ना, तशी. स्सस्स... इव्होना, ऐकतेस?"

मी कान लावला. मला वाल्देकचं केक चावणं ऐकू आलं.

"नाही," मी म्हटलं.

"तुझे कान फोन घेऊन घेऊन गेले."

वाल्देकनेही कान लावला. त्याला मालही खपवायचा होता आणि मैत्रीही टिकवायची होती. म्हणून तो म्हणाला, "असेल बाबा. तुझ्या कानांपुढे आपण काय बोलणार?"

ह्या एका वाक्याने आमचं घर बुडालं.

ते कार्ड गेलं, दुसरं आलं. दुसरं गेलं, तिसरं आलं. मिरेकने वीजपुरवठ्याचा डबा बदलला, तारा बदलल्या, कार्डाला तांब्याच्या पत्र्याचा अंगरखा शिवला. फुसफुस काही हटेना. मग त्याचा संशय घरातल्या इतर मंडळींवर गेला. सगळ्यात आधी फ्रिज. मिरेक ऐकायला बसला की फ्रिज बंद. मी दोन दिवस खपून केलेल्या पिएरोगींचा, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचा, बर्फ वितळून एकच मोठा पिएरोग झाला, आमच्या मुलाच्या डोक्याएवढा. मग कपडे धुण्याचं यंत्र. मग माझा हेअर ड्रायर. मग मी.

"जरा श्वास हळू घेशील?" तो म्हणाला.

"घेणंच बंद करू का?"

"नको," तो म्हणाला, पण उत्तर द्यायला त्याने क्षणभर वेळ घेतला होता.

घरातले सगळे निर्दोष सुटल्यावर तो वरच्या मजल्यावर गेला. वर गेर्त्रुडाबाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या, खाणीत काम केलेल्या नवऱ्याच्या आणि चार दिरांच्या मागे उरलेल्या. त्यांच्याकडे माशांची काचपेटी आहे आणि तिला हवेचा पंप आहे. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते.

"गेर्त्रुडाबाई, तुमच्या माशांचा पंप दहा मिनिटं बंद ठेवाल का? माझ्या साउंड कार्डात फुसफुस येते."

"कशात?"

"साउंड कार्डात. ते आवाज काढतं."

"मग काढतंय ना आवाज? तुझी तक्रार काय आहे?"

"नको तेव्हा काढतं."

"माझा नवराही काढायचा," गेर्त्रुडाबाई म्हणाल्या. "मी त्याच्यासाठी कुणाचे मासे मारले नाहीत."

शेवटी त्यांनी पंप बंद केला, कारण मिरेक दारातून हलेना. दहा मिनिटांनी तो परत वर गेला आणि म्हणाला की पंपाचा दोष नव्हता. "मासे तुझी माफी स्वीकारतात," असं म्हणून त्यांनी दार लावलं. तेव्हापासून जिन्यात भेटल्या की त्या मला विचारतात, "नवरा बरा आहे ना?" आणि कानाऐवजी डोक्याकडे बोट दाखवतात.

मग इंटरनेटवरची मंडळी. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक अड्डा आहे, तिथे मिरेक लिहायला लागला. घरी स्वतःची आई गेल्याची बातमी तीन शब्दांत सांगणारा हा माणूस तिथे एका चिपच्या वरच्या सुरांच्या चमकदारपणाबद्दल पानंच्या पानं लिहायचा. म्हणे खऱ्या चिपच्या झांजा 'दवासारख्या' असतात आणि नकलीच्या 'पत्र्यासारख्या'. लोक त्याला मान द्यायला लागले. फुसफुशीचा पुरावा म्हणून त्याने ध्वनिमुद्रण चढवलं, तेव्हा मात्र एकजात सगळ्यांनी लिहिलं की आम्हाला तर काहीच ऐकू येत नाही. मिरेकने निष्कर्ष काढला की रेकॉर्ड करायचं यंत्र खराब आहे.

शेवटी आलं लाल कार्ड. कॅनडाचं, दुर्मीळ, आमच्या देशातल्या त्या पिढीच्या पोरांनी ज्याची फक्त मासिकात चित्रं पाहिली ते. वाल्देकने ते लोकरीच्या टोपीत गुंडाळून आणलं होतं. ते आलं आणि त्याच्या किमतीत आमची समुद्रकाठच्या वेबा गावची सहल गेली. तिथली एक खोली आम्ही दर जुलैत घेतो. त्या जुलैत आमच्याऐवजी तिथे दुसरी कुणीतरी शहाणी माणसं राहिली. मी फक्त बाल्कनीत आरामखुर्ची टाकली, पोहण्याचा पोशाख घातला आणि खालच्या पार्किंगकडे तोंड करून बसले.

आतून मिरेकचा आवाज आला, "आहे. ह्याच्यातही आहे."

त्या क्षणी मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचायला एवढे महिने का लागले ह्याचंच नवल वाटलं. आमच्या कंपनीत रेडिएटर शिट्टी वाजवतो अशी तक्रार आली की आमचा माणूस घरी जातो, आधी गुपचूप तळघरातला व्हॉल्व बंद करतो आणि मग वर जाऊन विचारतो, "आता वाजतोय का?" थंडगार पडलेला रेडिएटर पुष्कळांच्या घरी तरीही वाजत असतो. त्यांना आम्ही अदबीने सांगतो की पुढच्या आठवड्यात बघू.

रविवारी दुपारी वाल्देकला जेवायला बोलावलं. रोलादा म्हणजे भरल्या मांसाच्या वळकट्या, बटाट्याच्या कणकेचे गोळे, लाल कोबी, सगळं व्यवस्थित. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "मिरेक, एकदा तुझ्या कानांची परीक्षा होऊन जाऊ दे. तू हेडफोन घालून पाठ फिरवून बस. वाल्देक तीन कार्डं बदलत जाईल: लाल, हिरवं आणि तैवानचं. फुसफुशीवरून तू ओळखायचं, कुठलं कार्ड."

मिरेक फुलला. कुणीतरी शेवटी त्याला गंभीरपणे घेत होतं. त्याने स्वतः जाऊन फ्रिज बंद केला, हेडफोन चढवला, खिडकीकडे तोंड करून बसला आणि डोळे मिटले. एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाचा मुख्य असावा तसा.

वाल्देकने लाल कार्ड बसवलं. कॉम्प्युटर सुरू केला.

"हिरवं," मिरेक म्हणाला. "धारदार आहे. हे हिरवं."

वाल्देकने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने हिरवं बसवलं.

"हं. हे लाल. बघ, केवढा फरक आहे. रेशमासारखी फुसफुस."

वाल्देकने तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या वेळी मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि खूण केली: काहीच बसवू नकोस. कार्ड टेबलावर, कॉम्प्युटर उघडा, हेडफोनची पिन वाल्देकच्या चिमटीत. नुसती हवेत.

मिरेक मान डोलवत होता. "हे सगळ्यात वाईट. हे तैवानचं असणार. उजव्या कानात तर किटलीच ठेवलीये."

वाल्देक फुटला. मी तर भिंतीला धरून हसले. मुलगा झाला तेव्हापासून एवढं पोट धरून मी हसले नव्हते. "वळ," मी म्हटलं, "अरे वळ तरी मागे!"

मिरेक वळला. त्याने पिन पाहिली, टेबलावरची कार्डं पाहिली. तोही हसला थोडासा, चोरी पकडली गेल्यासारखा. मग त्याने हेडफोन काढला आणि मान एका बाजूला कलती करून तसाच थांबला.

"कॉम्प्युटर बंद कर," तो म्हणाला.

वाल्देकने बंद केला.

"फ्रिज?"

"बंदच आहे," मी म्हटलं. "तूच केलास."

"मग हे काय वाजतंय?"

माझं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, ते कुठे ठेवावं ते मला कळेना. मिरेकने एक कान हाताने दाबला. मग दुसरा. मग दोन्ही. दोन्ही कान दाबून तो आमच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आवाज कमी झालेला नाही, उलट वाढलाय.

"हेडफोन जुने आहेत," वाल्देक घाईघाईने म्हणाला. "जुन्या हेडफोनमध्ये कधीकधी आवाज साठून राहतो. मग कानात उतरतो." इतकं मूर्ख वाक्य वाल्देक जन्मात बोलला नव्हता, आणि मला तो त्या दिवसाइतका कधी आवडलाही नव्हता.

कानाच्या डॉक्टर विल्कबाईंनी मिरेकला काचेच्या पेटीत बसवलं आणि ऐकू आलं की दाबायला एक बटण दिलं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला तो भराभर दाबत होता. नंतर बाईंनी कितीतरी कळा फिरवल्या आणि मिरेक बटणावर अंगठा ठेवून शांत बसला होता, बसची वाट बघत असल्यासारखा. त्याला वाटत होतं की परीक्षा अजून सुरू व्हायचीय.

"हे केव्हापासून ऐकू येतंय, मिरोस्लाव साहेब?" त्यांनी नंतर मिरेकला, कागदावरचं पूर्ण नाव वाचून, विचारलं.

"ऑक्टोबरपासून. कार्ड बसवलं तेव्हापासून."

बाई दचकल्या. "कार्ड? कुठे बसवलं?"

"कॉम्प्युटरमध्ये," मी म्हटलं. "शरीरात अजून नाही."

"त्याच्या आधी ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"त्याच्या आधी तुम्ही कधी असे मुद्दाम शांत जागी बसून कान लावला होता?"

मिरेक विचार करायला लागला. कारखाना. ट्राम. टीव्ही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी लक्षात ठेवलंय.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी समजावून सांगितलं. फुसफुस बहुधा कित्येक वर्षांची असेल. यंत्रांच्या धडाधडीने वरच्या पट्टीतले, बारीक सूर त्याच्या कानांतून गेले होते. अगदी वरचे तर जवळजवळ साफ. जे सूर कानाला मिळत नाहीत त्यांच्या जागी मेंदू स्वतःच काहीतरी वाजवत बसतो. घालवायचं औषध नाही. कानांवर टोपणं घाला, गळ्यात नव्हे. श्रवणयंत्राचा विचार करा. आणि एकदम शांत खोलीत बसू नका. मागे काहीतरी हलका आवाज चालू असलेला बरा, पंखा, रेडिओ, काहीही.

"म्हणजे झांजा..." मिरेक दारातच थांबून म्हणाला. "झांजा मला ऐकूच येत नव्हत्या?"

"कुठल्या झांजा?" डॉक्टरांनी विचारलं.

मी त्याला बाहेर आणलं.

त्या आठवड्यात मिरेकने कॉम्प्युटरवर लेसचं टेबलक्लॉथ घातलं आणि वर फुलझाडाची कुंडी ठेवली. साउंड कार्डं डब्यात गेली. फ्रिज अहोरात्र चालायला लागला. मला श्वास घ्यायची पूर्ण मुभा मिळाली. एवढे महिने मी हेच मागत होते, तेव्हा आता मी आनंदात असायला हवं होतं. मिरेक संध्याकाळी घरी यायचा, डबा घासायला टाकायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. टीव्ही मात्र मोठ्याने लावायचा. एकदा जेवताना म्हणाला, "आज मोठ्या यंत्राचं बेअरिंग गेलं."

"मग? तू आधीच सांगितलं असशील ना?"

"नाही. एका नव्या इंजिनिअरला फोनवर कळलं. फोनमध्ये काहीतरी असतं, आवाज मोजणारं." त्याने बटाटा कापला. "वाजत असेल. मला नाही ऐकू आलं."

तो बेअरिंगबद्दल असं बोलत होता, जसं लोक शेजारी गेल्याचं सांगतात. मला आधीचा माणूस परत हवा होता. वेडा चालेल, पण तोच.

म्हणून पुढच्या बाजाराला मी एकटीच बितोमला गेले. वाल्देक टेबलामागे थर्मासमधला चहा पीत होता. मला पाहून उठलाच.

"इव्होना! सगळं ठीक?"

"वाल्देक, मला एक साउंड कार्ड दे."

"कुठलं?"

"घाणेरडं."

"म्हणजे?"

"फुसफुसणारं. जितकं जास्त फुसफुसेल तितकं चांगलं."

वाल्देकने चहा खाली ठेवला. "माझ्याकडे फुसफुसणारी कार्डं नसतात," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "मी प्रत्येक कार्ड तपासून ठेवतो."

"वाल्देक."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"त्याच्या मागे काहीतरी हलकं वाजत राहिलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाल्या. पंखा लाव म्हटलं तर लावत नाही. रेडिओ लाव म्हटलं तर म्हणतो बातम्यांनी डोकं दुखतं. पण साउंड कार्ड असेल तर बसेल समोर. कळलं?"

वाल्देक टेबलाखाली वाकला आणि अगदी तळातून एक तपकिरी कार्ड काढलं. त्याच्यावर कुणा कंपनीचं नावसुद्धा नव्हतं. "हे कुणाला सांगू नकोस," तो कुजबुजला. "ह्याच्यात आवाज मोठा करणारा भाग इतका हलक्या दर्जाचा आहे की रिकामं असतानाही तळणीसारखं वाजतं."

"संगीताची चिप अस्सल आहे का?" मी विचारलं.

"ती अस्सल आहे."

"आणि दुहेरी आवाज? की एकाच बाजूने?"

"दुहेरी," वाल्देक म्हणाला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. "इव्होना, तुला हे सगळं कधीपासून कळायला लागलं?"

"गप्प बस आणि बांधून दे."

घरी आल्यावर मी कार्ड मिरेकच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने ते उचललं नाही. नुसतं पाहिलं.

"हे काय?"

"साउंड कार्ड. वाल्देक म्हणाला भंगार आहे."

"दिसतंच आहे भंगार." थोडा वेळ तो सूप पीत राहिला. मग चमच्याच्या दांड्याने त्याने कार्ड उलटं केलं. "हे जोड बघ. असं कुणी करतं का? शेंबड्या पोराने केल्यासारखं. हे बसवलं तर कॉम्प्युटर तळला जाईल."

"मग नको बसवूस."

"बसवतंय कोण?" तो म्हणाला, आणि सूप अर्धं टाकून उठला.

कुंडी खाली आली. टेबलक्लॉथ माझ्या खांद्यावर आलं. अर्ध्या तासाने स्पीकरमधून आवाज यायला लागला: आमच्या शेजारी कुणीतरी सतत कटलेट तळत असावं तसा. ह्या वेळी मलाही ऐकू येत होता. कुणालाही ऐकू आला असता; मला वाटतं गेर्त्रुडाबाईंच्या माशांनाही. मिरेक डोळे मिटून बसला. मी दारात थांबले, टेबलक्लॉथची घडी घालत. घडी घालून झाली तरी घालत राहिले.

"कसं आहे?" मी शेवटी विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला. "हे विकायची लाज वाटायला हवी." त्याचे खांदे खाली आले होते. "माझं ते... मागे गेलंय. शोधलं तर सापडतं. नाही शोधलं तर नाही."

"मग नको शोधूस."

त्याने खेळ लावला. ठोकळ्यांचा शूरवीर गुहेत शिरला, तुताऱ्या वाजल्या, आणि मिरेक त्या संध्याकाळी पहिल्यांदा गुहेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. खेळ एवढा लांब असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. शूरवीर माझ्या सल्ल्यामुळे दोनदा मेला.

आता तो कामावर टोपणं कानांवर घालतो. घालण्यापूर्वी अर्थातच तीन प्रकारची घालून बघितली, आणि कारखान्याच्या भांडारातला माणूस त्याला पाहिलं की आता जेवायला निघून जातो.

गेल्या शनिवारी आम्ही श्रवणयंत्र घ्यायला गेलो. दुकानातली मुलगी गोड होती, नवीन होती, आणि तिच्यासमोर आठ-दहा यंत्रं मखमलीवर मांडलेली होती.

"हे घ्या साहेब," ती म्हणाली. "हे सगळ्यात चांगलं."

मिरेकने खुर्ची पुढे ओढली, कोट काढून मांडीवर ठेवला आणि चष्मा पुसला.

"चांगलं," तो म्हणाला, "म्हणजे नेमकं कशाच्या बाबतीत?"

मी पर्स उचलली, त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि समोरच्या बेकरीत जाऊन बसले. तिथे बसायला जागा चांगली होती आणि ती संध्याकाळपर्यंत उघडी असते.